मोजणीबाईंचे घर खांबच्या नावे

मी, भूमापन खात्यातून निवृत्त झालेली मोजणीदार, वय एकाहत्तर, आज सकाळी चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, गळ घातलेली नाही. गुडघे कुरकुरतात, डोके ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. राहते घर, मागचे अंगण आणि घरातील सामान (पुढील कलमांतील वस्तू वगळून) माझ्यामागे खांबला मिळावे. खांब म्हणजे माझ्यासोबत एकतीस वर्षे या घरात राहणारी, पूर्वीची सरकारी अंगरक्षक. तिचे कागदोपत्री नाव परिशिष्टात आहे. खांब हे नाव मी ठेवले. पहिल्या दिवशी ती माझ्या कचेरीच्या दाराशी अशी उभी राहिली की शिपायाने तिला टेकून चहा पिणेच बाकी ठेवले होते.

उद्या कोणी "ही कोण लागून गेली?" असे विचारू नये, म्हणून कारण लिहून ठेवते.

एका लाकूड ठेकेदाराने हद्दीचे दगड सरकवून निम्मे राखीव जंगल स्वतःचे म्हणून दाखवले होते. मूळ मोजणी माझी. कोर्टाचा हुकूम झाला की पाचव्या दिवशी दुपारी बारा वाजता, कोर्टाच्या अधिकाऱ्यासमोर, जागेवर खरी हद्द दाखवावी. गाडीरस्ता संपल्यावर चार दिवसांची पायपीट होती. मला धमकीची चिठ्ठी आली होती, म्हणून खांबला सोबत दिले. पहिला दिवसभर तिने "जपून" याखेरीज शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या चिखलात ती वाकली. "दोन माणसं. बूट नवे आहेत."

"आपल्या मागावर?"

"मागे नाहीत, पुढे गेलेत. म्हणजे वाट माहीत आहे त्यांना. कुणाला सांगितली होतीत?"

"फक्त दादाला."

माझ्या सख्ख्या भावाबद्दल तिने एक वाकडा शब्द उच्चारला नाही. "दुसरी वाट आहे?"

"वाट नाही. पण माझी मोजणीची वही आहे."

"मग आता तुम्ही पुढे चला."

तिथून मी वहीतल्या खुणांवरून दरीच्या उतारावर वाट काढली आणि तिने माझी पाठ राखली. तिसऱ्या दिवशी दुपारी वरून बोलणे ऐकू आले. आम्ही एका कपारीत आडव्या झालो. डोक्यावरच्याच खडकावर बंदुकीचा दस्ता टेकल्याचा आवाज झाला. "बाया त्या," एकजण म्हणाला, "बसल्या असतील कुठेतरी पाय चेपत." दोघे तिथेच तास-दीड तास बसून राहिले. खांबने माझा हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवला. पावले जरा लांब गेल्यावर, मला भानावर आणायला म्हणून, तिने कानाशी विचारले, "लग्न का नाही केलंत?"

"मनासारखी मिळाली नाही," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि मग माझ्या लक्षात आले की मी काय बोलून बसले.

"मनासारखी म्हणजे कशी?"

"उंच," मी म्हणाले. बंदुकीच्या टप्प्यात असताना आम्ही दोघी तोंड दाबून हसलो.

कपारीतून उतरताना शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि घोटा मोडला. "तुम्ही जा," ती म्हणाली. "तुम्हाला पोहोचवणं हे माझं काम आहे."

"मी आजवर एकही मोजणी अर्ध्यात सोडलेली नाही. उठा."

मोजणीची काठी तिच्या एका काखेत, दुसऱ्या काखेत मी. तसे दोन दिवस चाललो. पोहोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. अधिकारी कागद गुंडाळत होते आणि ठेकेदार पान चघळत होता. खांबचा पाय पाहून अधिकाऱ्यांनी उशिराची नुसती नोंद केली, आणि मी पाणीही न पिता खणायची जागा दाखवली. हद्दीचा दगड रोवताना आम्ही खाली कोळसा पुरतो. दगड सरकवणाऱ्याला तो कोळसा सरकवायचे सुचत नाही. दोन हात खणल्यावर तो निघाला. जंगल राहिले, आजही आहे. ते दोघे पुढे पकडले गेले.

खांबला इस्पितळात नेले आणि मला वाटले, संपले. बरोबर अकराव्या दिवशी ती कुबडी घेऊन दाराशी हजर. "ड्युटी संपली," म्हणाली. "आज माझी मी आलेय. आत घेतेस का?" त्या 'घेतेस'वर मी बाजूला झाले.

कलम २. दादाबद्दल. "मला वाटलं, नुसती भीती घालतील," असे तो रडून म्हणाला होता. ठेकेदाराकडे त्याला मुकादमाची जागा हवी होती. नऊ वर्षे मी त्याचे तोंड पाहिले नाही. मग एकदा तो आला तेव्हा दार खांबने उघडले आणि म्हणाली, "आत बसा, ती भाजी चिरतेय." मी चिडून सगळी भाजी बारीक केली, पण आम्ही तिघे जेवलो. ओसरीवरची वेताची खुर्ची दादाला द्यावी. अट अशी की ती इथून हलवायची नाही, दर रविवारी येऊन त्याने तीत बसायचे आणि खांबशी पत्ते खेळायचे. मी नसले तर ती आठवडाभर कोणाशी बोलणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. त्याने हरावे, अशी विनंती.

कलम ३. मोजणीची साखळी, होकायंत्र आणि सर्व वह्या दादाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. तीही मोजणीतच आहे. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. ती खांबलाही आत्याच म्हणते आणि एकीला हाक मारली की दोघी ओ देतो.

कलम ४. वकिलांनी मसुदा वाचताना 'लाभार्थीशी नाते' या रकान्यापाशी पेन थांबवला. "मैत्रीण लिहू? की सहनिवासी?"

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारले, "अगं, आपलं नातं काय लिहायचं?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "त्यात काय विचारायचं? बायको."

"कायद्यात अजून तसं नाही हो," वकील हळूच म्हणाले.

"हा कागद माझा आहे ना?" मी म्हणाले. "मग लिहा. कायदा येईल मागून."

त्यांनी लिहिले, आणि स्वच्छ अक्षरात लिहिले.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: मोजणीदार (निवृत्त)
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई, शेजारचे घर. २. पोस्टमन, टपाल देता देता थांबले.
ठिकाण: आमचे घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी साडेअकरा