आतल्या पायाचा डाव

ता. १
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
सुखरूप पोचले. क्रीडाग्रामात खोलीला भालाफेकवाली सोबत आहे. तिचे पाय पलंगाबाहेर जातात, म्हणून पायथ्याशी खुर्ची लावून झोपते. जेवणघर एवढं मोठं, की ताट घेऊन हरवायला होतं. मी मात्र काकडी खाते आणि बाकीच्याचा वास घेते. वजन बावन्न किलोच्या आत हवं, दोनशे ग्रॅम अजून जास्त आहे.

सरांचं एकच टुमणं चालू आहे, की आतून पाय अडकवून मागे पाडायचा तो डाव काढ, त्याशिवाय इथं निभाव लागायचा नाही. सात वर्षांत मी तो लावलेला नाही, हे तू जाणतेस. सरावात मी लावलेल्या त्याच डावानं तुझा गुडघा गेला आणि तुझा ज्युदो सुटला. आता पाय पुढे जातो आणि मध्येच लुळा पडतो. सरांना कारण सांगितलेलं नाही. तुलाही समोर बसून सांगणं जमलं नसतं.

तेरा तारखेला लढत. जिंको वा हरो, लोभ तेवढा राहू दे.
तुझी धाकटी

ता. ८
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
तुमच्या संघाच्या डॉक्टरबाई उद्या तिकडे निघताहेत, त्यांच्या हाती हे देते. सकाळची बसची फेरी संपवून डेपोतच लिहायला बसले आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

नीट वाच. त्या दिवशी दोन गाद्यांमध्ये फट पडली होती. ती मला दिसली होती. गाद्या जोडून घेऊ म्हणायला हवं होतं, पण मला तुला आपटायची घाई. पाय फटीत अडकला, तू नुसती निमित्त झालीस. आधी रागानं बोलले नाही. पुढे तू माझ्या वाटणीची भांडी घासू लागलीस. दोन वर्षं घासलीस. लाज वाटायची, पण हात कोरडे राहायचे. नंतर विषय काढायला तोंडच उरलं नाही. चुकले, माफ कर.

खेळ सुटल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण चाळीस माणसं पाठीशी बसवून गाडी वळणावरून अलगद काढते, तेव्हा मी माझी खूश असते. तू तो डाव लाव.

भांडी घासण्याइतका नको, पण थोडा लोभ ठेव.
तुझी ताई

ता. १४
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र वाचून आधी रडले. मग इतका राग आला, की ते दोनशे ग्रॅम त्यातच उतरले असावेत. अर्धा राग उरलाय, तो घरी येऊन काढीन.

काल उपांत्यपूर्व फेरीत हरले. हरलेल्यांना मिळते ती दुसरी संधी मिळाली, त्यात एक लढत जिंकले आणि कांस्यपदकासाठी उभी राहिले. समोर एक उंच, डावखुरी मुलगी. चार मिनिटांत कुणालाच गुण नाही. जादा वेळेत तिनं मला ओढलं, तिचे पाय फाकले आणि माझा पाय आपसूक आत गेला. ती सपशेल पाठीवर. पंचांनी हात सरळ वर केला, म्हणजे पूर्ण गुण, लढत तिथंच संपली. लोक ओरडत होते आणि मी तिच्या गुडघ्याकडे बघत होते. ती उठून नीट चालली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आज सकाळी ती मला शोधत सरावाच्या हॉलमध्ये आली. एकमेकींची भाषा येत नाही. तो डाव शिकव, असं तिनं खुणेनंच सांगितलं. अर्धा तास शिकवला. तिसऱ्या खेपेला तिनं मला असं झकास आपटलं, की सरसुद्धा हसले. मला तर पडल्या पडल्या हसू आवरेना.

पदक कांस्याचं आहे, लोभ त्याहून चढा असू द्यावा.
तुझी धाकटी