शहाण्यासारखं राहा

४ नोव्हेंबर
तैवानच्या या शिन्चू शहरात पाऊल ठेवलं आणि वाऱ्यानं पहिल्याच चौकात छत्री उलटी केली. तरी आज मी खुशीत आहे. नोकरी लागली! दातांच्या दवाखान्यांची माहिती सांभाळणारी छोटीशी कंपनी. मशीनच्या खोलीत आम्ही दोघीच, मी आणि स्यूलान-ताई. ताईंनी दुपारी मला तांदळाच्या शेवया खाऊ घातल्या, स्वस्त घर शोधून द्यायचंही कबूल केलं. बाई मायाळू, पण विसरभोळ्या. किटली ठेवतात आणि विसरतात. लेकाचा विषय काढला तर खिडकीबाहेर बघत बसल्या.

संध्याकाळी पिंगतुंगला आईकडे फोन केला. माझी मुलगी मानमान आजीच्या मांडीवर बसून बोलली. घर मिळालं की तिला इकडे आणायचं, त्यासाठीच ही सगळी धडपड. फोन ठेवताना नेहमीसारखं सांगितलं, शहाण्यासारखी राहा हं.

७ नोव्हेंबर
आमचा मुख्य सर्व्हर मालकांनी मागे तायपेच्या बाजारातून जुनाच उचललेला. हल्ली फार रखडतो, म्हणून त्याची मेमरी वाढवायची, हे माझं पहिलं काम. मेमरीच्या जुन्या पट्ट्यांची सोनेरी टोकं खोडरबरानं घासली, नव्या पट्ट्या टक् आवाज होईपर्यंत दाबल्या. मशीन चालू केलं तर १२८ जीबीच्या जागी १३१. मेमरी कमी दिसते ते रोजचंच, पट्टी नीट बसलेली नसते. जास्त दिसलेली मी तरी ऐकली नाही. ताई म्हणाल्या, जुना माल आहे, चालायचंच.

मग मशीननं नीट चालावं म्हणून त्याच्यावर ठेवायची खाऊची पुडी, ही इथली रीतच. तिच्याशिवाय इथे कुणी सर्व्हरला हात लावत नाही. हिरवीच हवी, पिवळी-लाल ठेवली तर मशीन रुसतं. खाऊचं नावच मुळी ‘शहाण्यासारखं राहा’. वरची जुनी पुडी ताईंच्या नावाची होती, तारीख उलटत आलेली. नवी त्यांनी माझ्यापुढे धरली, वर पेनही दिलं. ज्याच्या हाती मशीन, त्याचं नाव. मी ऐटीत ‘पेईयुन’ लिहिलं, शेजारी फूलही काढलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं कौतुक मला सासरीही मिळालं नव्हतं.

१३ नोव्हेंबर
ताई ओळखू येत नाहीत! किटली वेळेवर उतरवतात, लेकाची अंगाई दिवसभर गुणगुणतात. आज एकदम आठवली म्हणे. मीच वेंधळी झालेय. खोलीवर परतताना रस्ता चुकले. पेरूवर काय भुरभुरवतात तेही आठवेना, पेरूवाला हसला.
सर्व्हर १३९ दाखवतोय.

१९ नोव्हेंबर
मानमाननं मांजरीची गोष्ट मागितली. मीच तिच्यासाठी रचलेली, रोज सांगायची. एक ओळ आठवली नाही. दमलेय असं सांगून वेळ मारून नेली. ती रुसली नाही, म्हणाली उद्या सांग. त्यानं जास्तच रडू आलं.
१५२.

२१ नोव्हेंबर
आज सगळ्या पट्ट्या काढल्या. जुन्या, नव्या, सगळ्या. खाचा रिकाम्या असताना मशीन नुसतं बीप बीप करायला हवं.
सुरू झालं.
१६०.

२२ नोव्हेंबर
स्यूलान-ताईंना सरळ विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं.
“त्या सर्व्हरला कुणाची तरी आठवण खायला लागतेच, पेईयुन. इतकी वर्षं माझी खाल्ली. माझा लेक दारात आला, तर मी त्याला विचारलं, कोण हवंय? तू आलीस आणि मला सुटका दिसली. पुढची मुलगी येईल तेव्हा नव्या पुडीवर नाव लिहायला तिच्या हातात पेन दे. सगळं परत मिळतं बघ.”
पुढची मुलगी कधी, विचारलं. नवीन वर्षानंतर, मालकांनी ठरवलं तर.
तोवर मानमानला मी काय सांगू?
शेवया भरवताना स्यूलानला सगळं ठाऊक होतं. मी तिला ताई म्हणत होते. तिनं माझा गळा कापला आणि वर डोळे पुसले. यापुढे तिला अहो-जाहो नाही.

२५ नोव्हेंबर
पुडी फाडली — तुकडे गटारात —
सकाळी पुन्हा जागेवर. माझंच अक्षर. फूलसुद्धा.
पिंगतुंगची गाडी पकडायला निघाले. स्टेशनवर उभी राहिले — कुठे जायचं होतं —
स्यूलान अजून अंगाई गुणगुणतेय.

२८ नोव्हेंबर
लहान मुलीचा फोन आला. गोड आवाज.
“आई, मी शहाण्यासारखी राहिले. आता येशील?”
म्हटलं, बाळ, चुकीचा नंबर लागला. रडायला लागली. कुणाची असेल बिचारी —

तारीख —
एक बाई शेवया ठेवून गेली. माझ्याकडे बघवेना तिला. का, कोण जाणे.
सर्व्हर झकास चालतोय. गुणी मशीन. वर हिरवी पुडी आहे. नाव लिहिलंय कुणाचं तरी, शेजारी फूल. अक्षर ओळखीचं वाटतं. वाचते —
पे