पावसाआडची कोरी जागा

३ मे, सोमवार
माझ्या गाडीची सावली गेली. नव्या हवामान-रडारच्या आड येतं म्हणून विद्यापीठाच्या मंडळींनी पेकानचं झाड तोडलं. आमचे गुरुजी पर्जन्यदेवतेला पळीभर तूप सोडत. या ओक्लाहोमावाल्यांनी आख्खं झाड वाहिलं. स्टिअरिंगवर आता पोळी भाजावी.

६ मे
हवामान खात्याचं मोठं रडार फार लांब. पृथ्वी गोल, त्यामुळे त्याचा किरण इथवर येईतो ढगांच्या डोक्यावरून जातो. खाली काय शिजतंय ते विद्यापीठानं गावाभोवती उभारलेली ही चार ठेंगणी रडारं बघतात. खोड एकच — मुसळधार पाऊस त्यांचा किरण गिळतो. पावसाआडचा पडदा कोरा! म्हणून चार, एकाला न दिसलेलं दुसऱ्यानं बघायचं.

११ मे
पश्चिमेचं रडार बंद पडलं. सुटा भाग जूनमध्ये येणार. काउंटीची आपत्ती-व्यवस्था बघणारा वेड टटल कॉफी ढवळत म्हणाला, “तीन आहेत की, प्रोफेसर. शिवाय वादळाचा भोंगा वाजला की आपली माणसं तळघरात जायचं सोडून ओसरीवर येतात. तेच चौथं रडार.” सगळे हसले. मीही.

१४ मे
वेडनं काल पडदा कोरा बघून शाळेचा बेसबॉलचा सामना चालू ठेवला. दहा मिनिटांत लिंबाएवढ्या गारा. पोरं बचावली, पंचाची गाडी नाही. “कोरं होतं रे सगळं,” म्हणतो. मी वर्तमानपत्रात लिहिलं : कोरं म्हणजे निरभ्र नव्हे; पश्चिमेला कुणीतरी उभं राहून बघायला हवं.

१८ मे
लोर्नानं वादळ-निरीक्षकाचं ओळखपत्र शोधून काढलं. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली माझी बायको. तिला अडवणार कोण?
“तूच छापलंस ना, कुणीतरी हवं म्हणून?”
“मी ‘कुणीतरी’ म्हटलं.”
“मग ते कुणीतरी मी. जेवण फ्रिजमध्ये आहे.”

१९ मे, वेडच्या कचेरीत
पडद्यावर लाल पाऊस, त्यामागं कोरं. लोर्ना त्या कोऱ्यात आहे. वायरलेसवर शेवटचं म्हणाली, “समोरचा कुंपणाचा खांबही दिसेनासा झालाय.” मग खरखर. वेड हाका मारतोय, माझ्याकडे बघत नाही.
गावाची काळजी आहे असं इतके दिवस लिहीत आलो. आत्ता गावाचं काही सुचत नाही. ती परत येणार नाही, ही भीती वाटतेय.