बायकोचं बायकोकडे

प्रिय टाचणी,

आपली खिडकी या महिनाअखेर कायमची बंद होते आहे. ही डेपोतली अफवा नाही. काल मी मुद्दाम विमा कार्यालयात गेलो होतो आणि खिडकीतल्या बाईंनीच सांगितलं. पुढच्या महिन्यापासून विमा नोकरीवरून मिळणार नाही, माणसावरून मिळणार. ज्याचा त्याच्या नावाने. त्यामुळे नवरा-बायकोने वर्षातून एकदा जोडीने येऊन खिडकीसमोर उभं राहायची गरज उरली नाही. "सुटलात की हो एकदाचे!" बाई म्हणाल्या. मीही हसलो, आणि जिना उतरताना एक पायरी चुकलो.

तुला हा बदल कुणी नीट समजावला असेल-नसेल, म्हणून सांगतो. आमच्या डेपोत एक साहेब आले होते. कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावून आम्हा सगळ्या मेकॅनिकांना त्यांनी बसवलं. आत्तापर्यंत कंपनी माझा विमा काढायची आणि तू त्यावर 'अवलंबित' म्हणून होतीस. स्वतःचा वेगळा काढायला गेलीस, तेव्हा हृदयात झडप बसवलेली आहे म्हटल्याबरोबर त्या लोकांनी तुला पाणी दिलं आणि दार दाखवलं. आता तसं होणार नाही. कमावत्याकडून कमाईच्या मानाने वर्गणी कापणार, ज्याची कमाईच नाही त्याची सरकार भरणार, आणि आधीचं दुखणं कुणाच्याच आड येणार नाही. म्हणजे तुझ्या गोळ्या, तुझ्या रक्ताच्या तपासण्या, सगळं तुझ्या शिलाईच्या कमाईवर, तुझ्या नावाने. साहेब भला माणूस. तेच तेच विचारलं तरी चिडले नाहीत. शेवटी आमचा वेल्डर उठला, "ते सगळं ठीक आहे साहेब, पण बायकोचं काय?" साहेब म्हणाले, "बायकोचं बायकोकडे." मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, माझंही तिच्याकडेच असतं!" कॅन्टीन दणाणून गेलं. 

मला मात्र त्या हशात ती टॅक्सी आठवत होती. आपण वेगळे राहायला लागलो होतो, वकिलाकडे जायचं ठरलं होतं आणि मध्येच तुझं ऑपरेशन निघालं. दवाखान्यातून तुला तुझ्या खोलीवर सोडायला येत होतो. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "विम्याची दुसरी सोय होत नाही, तोवर कागद राहू दे तसाच." मी म्हटलं, राहू दे. तुझ्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे तू बोलतेस कमी आणि बोललेलं माझ्या डोक्यातून जात नाही. त्या एका 'तोवर'वर मी इतकी वर्षं काढली. आमची ताई अजून टोमणे मारते, "अरे, ती तुझी बायको आहे की पॉलिसी?" मी म्हणतो, काहीही समज, नूतनीकरण वर्षातून एकदाच होतं. टाचणी आणि पाना एका डब्यात राहणार तरी कसे, असंही आपलं लग्न ठरलं तेव्हा तीच म्हणाली होती. तेव्हा तुला किती हसू आलं होतं. नंतर ते खरंच झालं, त्यात तिचा दोष नाही, आणि आता आपल्यात कुणाचा होता ते शोधायचीही मला हौस उरलेली नाही.

खिडकीच्या दिवशी मी अर्धी रजा टाकायचो. तू फाटकापाशी आधीच उभी असायचीस. बाई विचारायच्या, "घरी सगळं ठीक?" आणि आपण दोघं एकदम "हो" म्हणायचो. मागे एकदा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इथे येणारी जोडपी रांगेतच भांडायला लागतात हो. तुम्ही दोघं मात्र किती जपून बोलता एकमेकांशी!" मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मग कोपऱ्यावरचा चहा. तू ताईची चौकशी करायचीस, मी गोळ्यांची. आणि दरवर्षी माझ्या शर्टाचं एक बटण तुटलेलं असायचं, ते तू पर्समधून सुई काढून उभ्या उभ्या लावायचीस. "आहे तसाच राहिलास," म्हणायचीस. दोरा दाताने तोडताना तुझं डोकं माझ्या हनुवटीखाली यायचं. तेवढं झालं की तुझी बस यायची.

घरी बाकी ठीक आहे. बोलायला रेडिओ आहे. तो माझं काही ऐकून घेत नाही, पण निदान गप्पही बसत नाही. रविवारी एक कप धुतला की माझी भांडी संपतात.

पत्र लिहायचं कारण आता सांगतो. तुझा 'तोवर' संपला. तू वकिलाचा कागद आणलास तर मी सही करीन, ताणणार नाही, कुरकुरणार नाही. तुला माझी गरज उरली नाही, याचा मला आनंदच आहे. कॅन्टीनमध्ये तो व्हायला जरा वेळ लागला इतकंच. पण इतकी वर्षं तू विम्यासाठी येत होतीस की चहासाठीही, हे विचारायची सोय नव्हती. आता आहे. नवं कार्ड तुला पुढच्या आठवड्यात घरपोच येईल. त्यावर माझं नाव कुठेच नसेल. तुझं नीट लिहिलंय ना, ते तपासून घे. जुनी कार्डं शेवटच्या गुरुवारपर्यंत परत करायची आहेत. बाई म्हणाल्या, एकेकट्याने आलात तरी चालेल. मी त्या गुरुवारी खिडकी उघडायच्या वेळेला फाटकापाशी असेन. निळ्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलंय. आमच्या गल्लीतला शिंपी लगेच लावून देईल, पण ते मी खिशातच ठेवलंय.

तुझाच, आता विम्याशिवायचा,
पाना