आकाशपाळण्यातला विज्ञानाचा तास

मोर्शी, सोमवार

तीर्थरूप भगवंतमामांना ललिताचा एका हाताने नमस्कार (दुसरा शनिवारपासून दुखतो आहे, कारण पुढे येईलच). मामींच्या गुडघ्यांना उतार पडला असेल आणि तुम्ही अकोल्याच्या उन्हात टोपीशिवाय फिरणं सोडलं असेल, असं धरून चालते.

मामा, शनिवारी तुमची भाची जगातून जाता जाता राहिली. तुम्हालाच लिहिते, कारण विषय तुमचा होता: विज्ञान.

आमचे विज्ञानाचे सर आजारपणाच्या रजेवर गेले आणि मुख्याध्यापक धर्मपाल सरांनी सहावीचं विज्ञान माझ्या गळ्यात टाकलं. मी मराठीची बाई. धडा निघाला गती आणि गतीचे प्रकार. चाल म्हटलं की मला कवितेची चाल आठवते. इथे चाल म्हणजे कापलेलं अंतर भागिले लागलेला वेळ. रेषीय गती पाठ केली, वर्तुळाकार केली, आंदोलितपर्यंत (झोका, लंबक वगैरे) कशीबशी पोचले, आणि दीक्षाने हात वर केला. या मुलीचा हात वर गेला की मला घाम फुटतो. "मॅडम, आकाशपाळणा तं गोल फिरते. मंग त्यात बसलेला माणूस उलटा काहून नाही होत?"

पुस्तकात उत्तर नव्हतं. माहीत नाही म्हणायची भीती वाटली, म्हणून बोलून गेले की असल्या गोष्टी प्रत्यक्ष पाहूनच शिकायच्या. बाजाराच्या मैदानावर आनंदमेळा आलेलाच होता! शनिवारी सकाळच्या शाळेनंतर चौतीस मुलं घेऊन तिथे गेले. मी खाली उभी राहून वेळ मोजणार होते. पण पाळणेवाला म्हणाला, "लेकरू एकटं नाही बसवत, मॅडम. सोबत मोठं माणूस पाह्यजे." चौतीस जोडी डोळे माझ्याकडे वळले. (गच्चीवर कपडे वाळत घालतानाही मी कठड्याकडे पाठ करते, हे तुम्हाला ठाऊक आहे.)

दीक्षा शेजारी बसली, बाकीची तेहतीस खाली उभी राहिली. पहिली फेरी मी डोळे मिटून काढली. दुसरीत अगदी टोकावर पोचलो आणि लाईन गेली.

खाली पाळणेवाला जनरेटरची दोरी ओढत होता आणि जनरेटर नुसता खोकत होता. संत्र्याच्या बागा काडेपेटीएवढ्या दिसत होत्या. वारा सुटला, आमची खुर्ची करकर करत हलायला लागली. डाव्या हाताने मी दांडी अशी आवळली की बोटं पांढरी पडली. आणि मामा, सांगायला लाज वाटते, मी रडले.

"रडू नका मॅडम. पाळणा थांबला, आपली चाल आता शून्य हाये."

"मंग हे काहून हलून राहिलं?" मी ओरडले (घाबरले की माझी वऱ्हाडी बाहेर येते).

"झोक्यावाणी हाये ना ते. मांगं-पुढं, मांगं-पुढं. आंदोलित." एवढं बोलून तिने मान वर केली आणि एकदम म्हणाली, "मॅडम! म्हणूनच माणूस उलटा नाही होत! खुर्ची वरून टांगली हाये. चाक कसंही फिरलं तरी ते खालीच लोंबते!"

मी डोळे पुसून वरच्या कडीकडे पाहिलं. खरंच की! सत्तेचाळीस वर्षांत विज्ञानातली एक गोष्ट पहिल्यांदा आतपर्यंत कळली, तीही जमिनीपासून चाळीस फुटांवर. तेव्हाच लक्षात आलं की माझा पदर तिने मुठीत गच्च धरलाय आणि मूठ बर्फासारखी गार आहे. मी म्हटलं, "चल, झोके मोजू." एकशे अकरा मोजले, तेव्हा जनरेटर लागला. सगळं मिळून सहा मिनिटं अडकलो होतो म्हणे. पाळणेवाल्याचं घड्याळ मला मान्य नाही.

आज चाचणीत अख्ख्या वर्गाला धडा आला. धर्मपाल सर इतके खूश झाले की सातवीचं विज्ञानही मलाच दिलं. पहिला धडा विजेचा आहे. मला पाळण्यातच ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

मामींच्या पाया पडते.

तुमची भाची,
ललिता

ता. क. : यातलं काही आईच्या कानावर जाऊ देऊ नका.

ता. क. २ : पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. धर्मपाल सर रविवारी लग्नासाठी अकोल्याला येताहेत आणि तुम्हाला मुद्दाम भेटणार आहेत. नववीत विज्ञान मामांनीच शिकवलं आणि ९२ गुण दिले, असं मी त्यांना सांगून बसले आहे. तुम्ही २९ दिले होते. विचारलं तर सांभाळून घ्या. खोटं बोला म्हणत नाही. आकडे तेच आहेत, त्यांनी फक्त जागा बदलली. आणि जागा बदलण्यालाच गती म्हणतात, असं मी हल्ली सहावीला शिकवते.