सात दिवसांत लेखी उत्तर

प्रिय ताई,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू ‘बघू गं’ म्हणून विषय संपवतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते ‘बघू गं’मध्ये मावणारं नाही. आधी बातमी. आईचं मशीन जिन्याखालीच राहणार. लेखी आलं आहे, सही-शिक्क्यासकट.

झालं असं की इस्पितळाच्या कार्यालयाकडून आईला पत्र आलं. जिन्याखालच्या ज्या खोलीत ती बावीस वर्षं चादरी आणि डॉक्टरांचे झगे शिवते, ती खोली कोणाच्या आदेशाने वापरता, तिथे नेमकं काय काम चालतं, आणि ती सामान ठेवायला परत का घेऊ नये, याचं सात दिवसांत ईमेलने उत्तर द्या. उत्तर न आल्यास तुमचं काही म्हणणं नाही असं समजू. आईने ते दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि मशीनच्या खणात ठेवून दिलं. आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे. सरकारी कागद जपून ठेवायचा. त्याला उत्तर देणं म्हणजे साहेबाला उलट बोलणं. त्यापेक्षा इस्त्रीचे कपडे घालून दारात उभं राहिलं की माणूस पाहून त्यांना कळेल, असं तिचं म्हणणं. तीन दिवस ती अधीक्षकांच्या दाराशी उभी राहिली. तिन्ही दिवस साहेब मीटिंगमध्ये.

चौथ्या दिवशी मी घरी आले आणि मला हे कळलं. घरातली एकुलती एक पदवीधर मी, तुमची वकीलबाई, जिन्याखाली आईच्या शेजारी बाह्या सरसावून बसले. अडीच पानं लिहिली. श्रम, अन्याय आणि समाज, तिन्ही शब्द पहिल्याच परिच्छेदात. मग आईला ठणकावून वाचून दाखवली. आई मशीनवरून मान वर न करता ऐकत होती. शेवटी दोरा तोडून म्हणाली, “त्यांनी सदरा मागितलाय, तू तंबू शिवलास.”

मग तिने मला माप घ्यायला लावलं. त्यांचं पत्र समोर ठेवलं, त्यांनी काय काय विचारलंय ते बोटांवर मोजलं. तीन गोष्टी. म्हणजे उत्तरंही तीनच, त्याच क्रमाने. विषयाच्या ओळीत त्यांच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख, म्हणजे त्यांना शोधावं लागणार नाही. वर ‘माननीय अधीक्षक’, खाली आईचं पूर्ण नाव, काम आणि फोन. माझा राग तिने कातरला. तिला मात्र शेवटी ‘आपणच आमचे मायबाप’ हवं होतं, ते मी कातरलं. अर्धा तास आमची जुंपली होती त्यावरून. नम्रपणे लिहायचं म्हणजे वाकून लिहायचं नव्हे, हे मी तिला समजावत होते, आणि समजावता समजावता मलाच पहिल्यांदा नीट कळलं. जाता जाता आईने एक ओळ घालायला लावली: खोलीतला दिवा चार वर्षं लुकलुकतो आहे, कृपया दुरुस्त करावा. मी म्हटलं, अगं, खोलीच जायची वेळ आलीय. ती म्हणाली, राहायचंय ना आपल्याला, मग राहणाऱ्यासारखं लिही.

‘खोली दिल्याच्या आदेशाची प्रत सोबत जोडली आहे’ असं लिहून मी पाठवणारच होते, तेवढ्यात तिने माझा हात धरला. गिऱ्हाइकाला कपडा देण्याआधी बटणं मोजायची. मोजली, तर आदेश जोडलेलाच नव्हता. जोडणार कुठून, तो खणाच्या तळाशी! सगळा खण उपसला तेव्हा सापडला, आणि त्याखाली आणखी एक कागद सापडला. त्याचं सांगतेच.

परवा उत्तर आलं. खोली आईकडेच राहील. काल शिडी घेऊन माणूस आला आणि दिवा बदलून गेला. आई त्या उजेडाखाली इतकी ताठ बसली आहे, की मला वाटतं तिची उंचीच वाढली.

आता तो दुसरा कागद. परिचारिका प्रशिक्षण केंद्राचं तुझं पत्र, अकरा वर्षांपूर्वीचं. ‘आपली निवड झाली आहे, दहा दिवसांत लेखी होकार कळवावा.’ आपण ते जपून ठेवलं होतं, ताई. निवड झाली म्हणजे झाली, असं समजून तू ट्रंक भरून गेलीस आणि संध्याकाळी परत आलीस. जागा भरल्या, एवढंच म्हणालीस. मी अकरा वर्षांची होते. माझ्या वेण्या पुन्हा तू घालणार म्हणून मला आनंदच झाला होता. ते आठवून आता मला माझी लाज वाटते. तेव्हापासून तू त्या औषधांच्या दुकानात दुसऱ्यांची चिठ्ठी वाचून गोळ्या काढून देते आहेस. म्हणून तुला न विचारता मी केंद्राला लिहून विचारलं. आज उत्तर आलं: वयाची मर्यादा पस्तीस, निवडीसाठी नव्याने बोलावणार, येणार असल्यास उमेदवाराने वीस तारखेपर्यंत स्वतः ईमेलने होकार कळवावा. ते पत्र सोबत आहे, मी दोनदा बघून घातलं आहे. तुझं उत्तर मात्र मी लिहिणार नाही. विषयात त्यांचा क्रमांक टाक. मायबाप म्हणू नकोस, अकरा वर्षांची कहाणीही सांगू नकोस. येते आहे, एवढंच लिही. मग बटणं मोज, आणि पाठव.

तुझीच,
वकीलबाई