झाकण की दार?

सोमवार, ३ मार्च

झाकण! तीन तास झाकणावर वाद! अजून कान बधिर आहेत.

आमच्या मोटार क्लबच्या नियम समितीत मला मत नाही. चिटणीस फक्त लिहिते. त्यात शर्यतीत वॅगन उतरवू पाहणाऱ्या दादाची मी सख्खी बहीण, म्हणजे ब्रसुद्धा काढायचा नाही.

अध्यक्षांनी टेबलावर नातवाच्या खेळण्यातल्या गाड्या ओळीने मांडल्या. सेडान, हॅचबॅक, कूपे, उघड्या टपाची, आणि शेवटी लांबुडकी वॅगन. "आपल्या टूरिंग शर्यतीत यातल्या कुठल्या चालतील, ते आज ठरवूनच उठायचं." उघड्या टपाची एका मिनिटात बाद. सेडानवर वादच नाही. कूपेवर दातांचे डॉक्टर तासभर बोलले. त्यांची स्वतःची कूपे आहे, हे ते सोडून सगळ्यांच्या लक्षात होतं.

"टूरिंग म्हणजे घरची गाडी हो," अध्यक्ष म्हणाले. "दोन दारांच्या गाडीत सासूबाईंना मागे कसं चढवणार?"

"मी चढवतच नाही!" डॉक्टर म्हणाले. हशा. कूपे पुढच्या वर्षावर ढकलली.

मग वॅगन. आमचा जुना नियम: गाडीला चार दारे असावीत. डॉक्टर टपलेलेच होते. "वॅगनला मागे पाचवं दार असतं. पाच म्हणजे चार नव्हे!" हॅचबॅकवाले ताडकन उठले — त्यांच्याही गाडीला पाच! एकच गलका. शेवटी अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "ते दार नाही, झाकण आहे. दारातून माणसं येतात. झाकणाखाली सामान ठेवतात."

आमचे मुख्य तपासनीस — सगळे त्यांना फूटपट्टी म्हणतात, खिशात कायम असतेच — एवढंच बोलले, "ज्याच्याबरोबर काच वर जाते त्याला मी झाकण म्हणणार नाही."

मतदान. तीन विरुद्ध दोन. झाकण!

म्हणजे वॅगनला चार दारं. म्हणजे दादाची गाडी उतरणार! मी खाली मान घालून लिहीत राहिले, पण पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

मंगळवार, ४ मार्च

प्रेसमधून सुटल्यावर थेट दादाच्या गॅरेजात गेले. तो गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर. मी पायांनाच सांगितलं.

पाय हलले नाहीत. मग आतून आवाज आला, "झाकण म्हणाले? नक्की झाकण?"

"नक्की. मीच लिहिलंय."

बाहेर आला तेव्हा तोंडाला ग्रीस आणि डोळ्यांत पाणी. पन्नाशीचा माणूस! वहिनी म्हणाली, "दोन वर्षांत पहिल्यांदा या गाडीखालून हसत बाहेर आलेत."

ही बाबांची गाडी. ते गेल्यावर सगळे म्हणाले मोडीत घाल. दादाने ऐकलं नाही. आमच्या क्लबच्या शर्यती जुन्या घरगुती गाड्यांच्याच, मग हिने काय पाप केलंय, म्हणाला. दोन वर्षं रोज काम संपल्यावर हिच्याशी झटापट. लोक टिंगल करतात. डॉक्टर तर हिला शववाहिका म्हणतात, तोंडावर.

आत आता चालकाची एकच सीट आणि लोखंडी पाइपांचा पिंजरा. मागचं झाकण त्याने कडेने पूर्ण वेल्ड करून टाकलंय. लांब गाडी वळणावर मागून वळवळते, ते थांबवायला. ते बघून मला जरा वाईट वाटलं. लहानपणी आम्ही दोघं मागूनच चढायचो. बाबा ओरडायचे, "माणसं दारातून येतात, सामान मागून!" की दादा म्हणायचा, "आम्ही सामान आहोत!"

रविवार, ९ मार्च

नियमपुस्तिका संपवली. सकाळपासून मान वर केली नाही.

काय भाषा होती! एकाच वस्तूला एका पानावर झाकण, दुसऱ्यावर डिकी, तिसऱ्यावर मागचे दार. प्रेसमध्ये बावीस वर्षं मुद्रितं तपासली, पहिला धडा हाच — एका वस्तूला पुस्तकभर एकच शब्द. जुन्या पानांवर "मागचे दार" जास्त वेळा होतं, म्हणून सगळीकडे तेच करून टाकलं. त्यामुळे एक ओळ भलतीच विनोदी झाली: "मागचे दार हे दार समजू नये." एकटीच खो खो हसले. ती काढून टाकली. तशीही वॅगन आणि हॅचबॅक यांची नावं परवानगीच्या यादीत आहेतच, मग ती कशाला?

अध्यक्षांना पाठवली. तासाभरात उत्तर: "एकही चूक नाही! तुम्हाला उगाच काना-मात्रा बाई म्हणत नाहीत." पुस्तिका लगेच सगळ्यांना गेलीसुद्धा.

छान वाटतंय.

शनिवार, २२ मार्च

हे काय झालं?

आज गाड्यांची पहिली तपासणी. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. फूटपट्टींनी वजन घेतलं, चाकं मोजली, पिंजरा ठोकून पाहिला. सगळं ठीक. मग ते मागे गेले, झाकणाला हात लावला, आणि थांबले.

"हे उघडत नाही."

"वेल्ड केलंय," दादा म्हणाला. "झाकण आहे ना."

फूटपट्टींनी पुस्तिका काढली. माझी पुस्तिका! "पान नऊ. वॅगनला चार दारे आणि एक मागचे दार. नियम चौदा. प्रत्येक दार आतून एका हाताने उघडले पाहिजे. गाडी नापास. शर्यत सहा एप्रिलला आहे, तोवर उघडं करून आणा."

दादाने झाकणावर थाप मारली. "अहो, झाकण ठरलं होतं! मतदान झालं होतं!"

"मी छापलेलं वाचतो."

दातांचे डॉक्टर पलीकडून बघत होते. हसले नाहीत, हे त्याहून वाईट. मी तिथेच उभी होते, हातात तीच पुस्तिका घेऊन. पान नऊ उघडायचा धीर होईना. घरी येऊन उघडलं.

मीच! मी! एका वस्तूला एकच शब्द! ती ओळ विनोदी म्हणून हसत हसत काढली, आणि समितीने तीन तास भांडून जे ठरवलं ते त्या एकाच ओळीत होतं. मी दार लिहिलं, म्हणून ते दार झालं, आणि दार झालं म्हणून नियम चौदा त्याला लागला.

स्वयंपाकघरात फरशीवर बसून राहिले.

रविवार, २३ मार्च

दादा सकाळपासून ग्राइंडरने वेल्ड कापतोय. ठिणग्या. दोन वर्षांपूर्वी तीन रविवार लागले होते ते करायला.

"कुणी लिहिलं असेल गं हे?" मध्येच थांबून म्हणाला. "त्या डॉक्टरनेच शेवटच्या क्षणी घुसडलं. तू नीट लिहून दिलं असशील, नाही का?"

मी म्हटलं, "चहा टाकते."

चहा टाकते! लाज वाटायला हवी मला.

सोमवार, २४ मार्च

सांगितलं नाही.

बुधवार, २६ मार्च

आज सांगितलं. गॅरेजात गेले, चप्पलही काढली नाही, उभ्याउभ्याच. झाकणाचं दार मी केलं. ती ओळ मी काढली. डॉक्टरांचा काही संबंध नाही.

दादाने ग्राइंडर बंद केला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तू?" एवढंच म्हणाला. मग ग्राइंडर खाली ठेवला. "तू कधी चुकत नाहीस. धाकटी असून मला शाळेत प्रत्येक निबंध तपासून दिलास. कधी चुकली नाहीस. आणि चुकलीस ती नेमकी इथे?"

मी म्हटलं शुद्धिपत्र काढायला लावते, आजच अध्यक्षांना सांगते. तो म्हणाला, "कापून झालंय." आणि पाठ फिरवली. माझ्याकडे पाठ! बाबा गेले त्या दिवशीसुद्धा आम्ही एकमेकांकडे पाठ केली नव्हती.

वहिनी फाटकापर्यंत आली. माझा हात धरला. घरी येईपर्यंत रडू आवरत नव्हतं. रस्त्यातले लोक बघत होते, बघू देत.

शुक्रवार, २८ मार्च

समितीपुढे कबूल केलं. सगळ्यांसमोर, उभी राहून. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्ही?" तेही तेच म्हणाले! माझ्या हातून चूक होणं म्हणजे जणू भूकंप.

शुद्धिपत्र मंजूर. माझ्याच हाताने लिहिलं: पान नऊ, "मागचे दार" याऐवजी "मागचे झाकण" असे वाचावे. त्यास नियम चौदा लागू नाही. तीनदा वाचलं. शेजारच्या बाईंकडूनही वाचून घेतलं.

उठताना फूटपट्टी जवळ आले. "बरोबर केलंत. ठरलं होतं ते छापायलाच हवं." मग दारात थांबून, "पण मला विचाराल तर ते दारच बरं होतं."

आता दादा पुन्हा वेल्ड करू शकतो. अजून आठ दिवस आहेत. शुद्धिपत्राची पहिली प्रत मी स्वतः त्याच्या फाटकातल्या पेटीत टाकली. बेल वाजवली नाही.

बुधवार, २ एप्रिल

दुपारी प्रेसच्या कामाने त्याच रस्त्याने गेले. गॅरेजचं शटर अर्धं वर. वॅगनच्या मागच्या बाजूला वेल्डिंगचा निळा उजेड, आणि मुखवट्यातला दादा वाकलेला. म्हणजे करतोय पुन्हा बंद. बरं झालं. वळणावर गाडी मागून वळवळणार नाही.

मग आत का नाही गेले? वहिनीने आतून पाहिलं, हात केला. मी घाईत असल्यासारखं दाखवून पुढे गेले. संध्याकाळी तिचा फोन. "बोलेल गं. मनात तसं काही नाही त्याच्या."

"काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही. काम करतोय."

दादा बोलत नाही याचा आज आठवा दिवस. इतकं लांबलेलं आमच्यात कधीच झालं नाही. लहानपणी फार तर दुपार टिकायचं.

शनिवार, ५ एप्रिल

आज पुन्हा तपासणी झाली. मी गेले नाही. गाडी पास झाल्याचं अध्यक्षांकडून कळलं. ते आणखी काही सांगणार होते, पण मी मध्येच फोन ठेवला. भीती वाटली, का कुणास ठाऊक.

वहिनी उद्याच्या शर्यतीचा प्रवेश-पास देऊन गेली. पास दादाने दिला की तिने, विचारवलं नाही.

रविवार, ६ एप्रिल

दादा जिवंत आहे. आधी हे लिहिते.

सातव्या फेरीत पुढचं चाक निखळलं. गाडी टायरच्या दोन भिंतींमधल्या फटीत नाकाने घुसली आणि पाचर मारल्यासारखी अडकली. दोन्ही बाजूंची दारं, चारही, भिंतींत आवळलेली. पुढून धूर, मग जाळ. मी किंचाळत होते, "मागून बंद आहे! मागून बंद आहे!" माझ्याच शुद्धिपत्राने बंद!

आणि मागचं दार वर गेलं. काचेसकट. त्यातून दादा गुडघ्यांवर रांगत बाहेर आला.

वेल्ड केलंच नव्हतं. तो निळा उजेड मुठीचा होता. आतून, एका हाताने उघडता येईल अशी भली मोठी मूठ तो जोडत होता. शुद्धिपत्र वाचल्यावर!

डॉक्टरांनीच पळत जाऊन आधी त्याला धरलं. मी पोचले तेव्हा हाताला पट्टी बांधत होते. का नाही रे बंद केलंस, विचारलं. म्हणाला, "बावीस वर्षांत एकदा चुकलीस. ती चूक पुसवेना." मग खोकला, आणि खोकतखोकतच हसला. "बाबा असते तर म्हणाले असते, सामान मागून उतरलं."

उद्या समितीला द्यायचं शुद्धिपत्र, क्रमांक दोन: पान नऊ, "मागचे झाकण" याऐवजी "मागचे दार" असे वाचावे.